कुठला सलीम?

हॉलमधल्या जुन्या सोफ्याचा काथ्या शिवणीतून बाहेर डोकवायला लागला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एका कारागिराचा नंबर दिला. तो सकाळी आला, सोफा उलटा केला, फरशीवर मांडी ठोकून बसला आणि दुपारपर्यंत जागचा हलला नाही. जुन्या फोमची पिवळी भुकटी, नव्या रेक्झिनचा डोक्यात जाणारा वास आणि अखंड ठकठक. बारीक खिळे तो ओठांत धरायचा, एकेक जिभेनं पुढे आणून हातोडीखाली द्यायचा, त्यामुळे बोलणं जवळपास नाहीच. काम संपल्यावर उरलेले खिळे तळहातावर काढून त्यानं पाणी मागितलं. पुढे लागलं तर असावा म्हणून मी नंबर सेव्ह करायला घेतला. नाव विचारलं, सलीम म्हणाला. मी 'सली' एवढं टाइप करते तोवर यादी उघडली: सलीम एसी, सलीम गॅरेज, सलीम चिकन, सलीम टेम्पो. तो फोनकडे बघून हसला. "नुसतं सलीम नका टाकू ताई. सोफावाला लिवा, नायतर परत सापडत नाय."

मी लिहिलं. तो पैसे घेऊन गेला. रात्री मात्र उगाचच फोन उघडून मी अमित शोधले. अमितना आडनावं होती. कुणी जोशी, कुणी पाटील, एखादा नुसता 'ऑफिस'. मग गणेश बघितले. त्यांत प्लंबर होता, रिक्षावाला होता, पण आडनावाचे गणेशही होते. म्हणजे धंदा सगळ्यांच्याच नावाला चिकटतो, त्यात सलीमचं खास असं काही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. ती अर्धवटच पटली. आडनाव असलेला एकही सलीम माझ्या फोनमध्ये नव्हता, आणि ते सोफावाल्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

मिरजेच्या शाळेत आमच्या वर्गात दोन सलीम होते. हजेरीपटावर ते आडनावांनी वेगळे होते, पण हजेरीपट बाईंच्या हातात. मैदानावर एक लंब्या सल्या आणि दुसरा नुसता सल्या. पक्या, गण्या, सल्या. नावाची मोडतोड करताना पोरं कुणालाच सोडत नसत, आणि त्या मोडतोडीत एक आपलेपणा होता, जो नंतर 'सलीमभाई' म्हणायच्या वयात हरवला. आता मी सगळ्यांना 'भाई' लावते, आदरानं लावते, आणि तरी 'सल्या'त जास्त जवळीक होती असं वाटत राहतं.

नुसता सल्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी राहायचा. त्याच्या अंगणात भोपळे वाळत पडलेले असत, पंढरपूरकडून आलेले, आतून पोखरलेले. टिचकी मारली की प्रत्येकाचा आवाज वेगळा. आत ओसरीवर त्याचे आजोबा लाखेचं पॉलिश चोळत बसलेले, आणि तो उग्र गोडसर वास सल्याच्या शर्टाला, दप्तराला, अगदी डब्यातल्या चपातीलासुद्धा यायचा. मिरजेत सतारी घडवायला सुरुवात केली ती शिकलगारांनी. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतात. शिकलगार म्हणजे तलवारींना, भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांचं येणं-जाणं होतं. त्यांची वाद्यं दुरुस्तीला यायला लागली आणि दुरुस्त करता करता हे लोक नवी घडवायला लागले. पुढे काही घरांच्या पाट्यांवर 'सतारमेकर' हेच आडनाव आलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीत ते आडनाव वाचताना मला उगाच मिरवल्यासारखं झालं.

तेव्हा धंदा नावापुढे लागणं कमीपणाचं असतंच असं काही नाही. तांबोळी, बागवान, आतार, पिंजारी, मणेर, आमच्या भागातल्या मुसलमानांची कितीतरी आडनावं अशीच हातातल्या कामावरून पडलेली. शिवाय इनामदार आहेत, देशमुख आहेत, पाटीलही आहेत. सलीमच्या पुढे पाटील आलं की पुण्यातला माणूस मात्र आडनाव पुन्हा एकदा विचारतो. पारशांनी तर इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर ही आडनावं थेट भारताच्या क्रिकेट संघात नेऊन बसवली. दोन पिढ्यांनी एखाद्या बंगल्याच्या फाटकावर 'सोफावाला' अशी पितळी पाटी असेलही. मग मला खटकतंय ते काय? बहुधा हे, की शिकलगारांनी आपली पाटी आपल्या हातानं बदलली, आणि इथे ती माझ्या अंगठ्यानं लागली. पण लावायला सांगितलं त्यानंच. या जागी माझा युक्तिवाद दरवेळी अडतो.

नावाची गंमत आमच्या घरातही होती. माझ्या धाकट्या काकाला त्याच्या आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे माझ्या आजीच्या सासऱ्यांचं. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आणि त्यात ते ओरडून, रागावून, कार्ट्या म्हणून घ्यायचं म्हणजे तर पापच. त्यामुळे आजीनं पोटच्या पोराला जन्मभर 'बापू' म्हटलं. शाळेचा दाखला, बँकेची नोकरी, लग्नपत्रिका सगळीकडे खरं नाव. घरात आणि गल्लीत बापू. आम्ही पोरं त्याला बापूकाका म्हणत वाढलो आणि त्याचं खरं नाव बऱ्याच उशिरा, एका टपालाच्या पाकिटावर वाचलं.

अकबराच्या घरीही हेच झालं होतं.

मूल जगत नव्हतं म्हणून बादशहा सिक्रीच्या शेख सलीम चिश्तींच्या पायाशी गेला. गरोदर राणीला त्यांच्याच घरी नेऊन ठेवलं. १५६९ च्या ऑगस्ट अखेरीस तिथे मुलगा झाला, आणि फकिराचंच नाव त्याला दिलं. पुढे हाच मुलगा आपल्या आठवणींत, 'तुझुक-ए-जहांगीरी'च्या अगदी सुरुवातीला लिहितो, की शुद्धीत असोत वा नशेत, वडिलांनी मला कधी मुहंमद सलीम किंवा सुलतान सलीम अशी हाक मारलेली मी ऐकली नाही. ते नेहमी शेखूबाबाच म्हणायचे. कारण तो सांगत बसत नाही. आमच्या आजीला मात्र ते सांगावं लागलं नसतं. इतक्या मोठ्या माणसाचं नाव पोरावर खेकसताना कसं घ्यायचं? सिनेमानं आणि नाटकांनी ज्या बापाच्या तोंडी 'सलीम' ही हाक गडगडाटासारखी घातली, त्या बापानं ती म्हणे मारलीच नव्हती.

आणखी पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १६०५ मध्ये गादीवर बसल्यावर त्यानं ते नावच सोडून दिलं. त्याचंही कारण त्यानं नोंदवलंय: हे नाव रूमच्या सुलतानांचं आहे, घोटाळा व्हायला नको. रूम म्हणजे तुर्कांचं राज्य. तिथे १५१७ मध्ये कैरो जिंकणारा पहिला सलीम होऊन गेला होता, आणि मग त्याचा नातू, दुसरा सलीम. खरं तर १६०५ ला दोघेही कधीचेच मातीत गेले होते आणि इस्तंबूलच्या तख्तावर अहमद नावाचा पोरसवदा सुलतान बसला होता. तरी आग्र्याच्या बादशहाला धास्ती की कुणी 'कुठला सलीम?' विचारलं तर? म्हणून मग जहांगीर, जग मुठीत घेणारा. सोफावाल्यानं सुचवलेला तोडगा याहून फारसा वेगळा नव्हता. फक्त बादशहानं धंद्याचं नाव जरा मोठ्या तोंडानं घेतलं.

सिक्रीला आम्ही गेलो ते भर मे महिन्यात. बुलंद दरवाजाच्या पायऱ्या चढून आत गेल्यावर चपला काढाव्या लागतात आणि लाल दगडाचं ते अफाट अंगण तव्यासारखं तापलेलं असतं. मधूनमधून अंथरलेल्या सतरंज्यांवरून उड्या मारत, हसत आणि कळवळत सगळे त्या पांढऱ्या संगमरवरी दर्ग्याकडे धावतात. आत एकदम गारवा. जाळीतून येणारा उजेड, गुलाबाचा आणि अत्तराचा दाट वास, कबरीवर शिंपल्यांच्या जडावाची लाकडी छत्री. जाळीच्या भोकाभोकांत लाल-पिवळे दोरे बांधलेले, त्यांत बहुतेक बाळासाठीचे. माझ्या शेजारी सोलापूरकडची एक बाई होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, तिनं दोरा बांधताना डोळे इतके घट्ट मिटले होते की मी नजर काढून घेतली. तिला मुलगा झाला तर ती त्याचं नाव सलीम ठेवणार नाही, हे तिलाही माहीत होतं, मलाही आणि बहुधा शेखसाहेबांनाही. त्याचं तिथे कुणालाच काही वाटत नव्हतं.

नाव टाकून दिलेला हा सलीम बादशहा म्हणून जसा असेल तसा असो, निरीक्षक मात्र जातिवंत होता. सारस पक्ष्यांची एक जोडी त्यानं पाळली, त्यांची नावं लैला आणि मजनू. १६१८ च्या पावसाळ्यात अहमदाबादच्या मुक्कामात त्यांनी अंडी घातली, तर राज्यकारभार बाजूला ठेवून हा माणूस पहिलं अंडं कधी, दुसरं कधी, रात्री उबवायला कोण बसतं, पहाटे पाळी कशी बदलते, हे लिहीत बसला. पिल्लू बाहेर यायला ३४ दिवस लागले, हेही त्याच्या नोंदीत आहे. नवा प्राणी दरबारात आला की उस्ताद मन्सूरला बोलावून चित्र काढून घ्यायचं, मग त्याचं वजन, लांबी, पोटात काय सापडलं तेही टिपायचं. त्याच्या आठवणींच्या इंग्रजी भाषांतराचे संपादक बेव्हरिज यांचं मत असं, की हा एखाद्या निसर्ग-इतिहासाच्या म्युझियमचा प्रमुख असता तर जास्त चांगला आणि जास्त सुखी माणूस झाला असता.

या मोगलांच्या निसर्गप्रेमावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९२७-२८ साली एक लेखमाला आली. ती लिहिणारा तिशीतला माणूस तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात लोकांना पेंढा भरलेले पक्षी दाखवून माहिती सांगायचा. त्याचं नाव सलीम अली.

हे कळलं तेव्हा मी खरोखर खुर्चीत सरळ होऊन बसले. सलीमनं सलीमवर लिहिलेलं! एकाला तख्त मिळालं आणि जीव रमला सारसांच्या घरट्यात. दुसऱ्याला पक्ष्यांखेरीज काही नको होतं आणि त्याला धड नोकरी मिळेना. खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेलं हे अनाथ पोर. भावंडांतलं शेंडेफळ. छर्र्याच्या बंदुकीनं पाडलेल्या, गळ्याशी पिवळा डाग असलेल्या चिमणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला त्याहून १९३० सालचे सलीम अली जवळचे वाटतात. बर्लिनला पक्षितज्ज्ञ स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून परत आले तर म्युझियममधली ती जागाच पैशांअभावी बंद झालेली. मग बायकोला घेऊन किहीमला जाऊन राहिले. अलिबागजवळचं किहीम, आज शनिवार-रविवारी आपण जिथे गाड्या लावायला जागा शोधतो ते. तिथे पावसाळ्यात सुगरणीच्या घरट्यांकडे तासन्‌तास बघत बसले. बघता बघता ध्यानात आलं, की नर अर्धवट खोपा विणून पंख फडफडवत बोलावतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडला तर राहते, मग तो खोपा पुरा करतो आणि लगेच शेजारी दुसरा विणायला घेऊन दुसऱ्या मादीला बोलावतो. तोवर हे कुणी एवढ्या बारकाईनं मांडलं नव्हतं. बेकारीतल्या पावसाळ्यानं दिलेलं काम ते. टेहमिना बेगम त्या दिवसांत बरोबर होत्या. १९३९ मध्ये त्या गेल्या. नंतरची अठ्ठेचाळीस वर्षं या माणसानं एकट्यानं काढली, त्यावर मी जास्त लिहू धजत नाही.

त्यांच्या नावाचं एक वटवाघूळ आहे. १९४८ साली तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांनी ते पकडलं आणि सोसायटीच्या संग्रहात दिलं. तिथे त्याला एका साध्या, नेहमीच्या फळखाऊ वटवाघळाची चिठ्ठी लागली आणि ते खणात गेलं. १९७२ मध्ये किट्टी थाँगलाँग्या नावाचे थायलंडचे अभ्यासक संग्रह चाळत होते, त्यांनी दात बघितले आणि म्हणाले की हे ते नव्हेच. नवी जात, इतकंच नाही तर त्याहून वरची पायरी, नवी प्रजाती. नाव दिलं लॅटिडेन्स सलीमअलीआय. चोवीस वर्षं चुकीच्या चिठ्ठीखाली पडून राहिलेल्या जिवाला शेवटी मिळालं ते सलीम अलींचं नाव, आणि तेही जोडून, एकसंध, 'कुठला' विचारायला फटच न ठेवता.

सलीम खान यांचं प्रकरण वेगळं. इंदूरहून नट व्हायला मुंबईत आले आणि सुरुवातीच्या काही सिनेमांत त्यांनी पडद्यावरचं नाव घेतलं 'प्रिन्स सलीम'. बादशहानं टाकलेलं नाव असं पुन्हा वापरात आलं. चाललं नाही. मग ते लिहायला लागले आणि जावेद अख्तरांबरोबर त्यांचं 'सलीम-जावेद' झालं. त्या काळी पोस्टरवर लेखकाला जागा नसायची. १९७३ च्या मे महिन्यात 'जंजीर' लागला तेव्हा या दोघांनी रंगारी धरला आणि मुंबईभरच्या पोस्टरांवर 'रिटन बाय सलीम-जावेद' असं छापे मारून लिहून घेतलं. हे मला फार आवडतं. कुणी नाव लावत नाही म्हणून शिडी आणि रंगाचा डबा घेऊन माणूस पाठवायचा!

त्याच १९७३ च्या फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, एका सलीमला कसल्याच छाप्याची गरज पडली नव्हती. सलीम दुराणी. त्याचे वडील अब्दुल अझीझ यष्टिरक्षक होते. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि तिथे त्यांनी हनीफ मोहम्मदला घडवलं. मुलगा इकडे जामनगरात राहिला आणि भारताकडून खेळला. २९ कसोटी, ७५ बळी, एकच शतक, १०४, तेही पोर्ट ऑफ स्पेनला. त्याच मैदानावर १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघात असताना त्यानं लॉइडला वाडेकरांच्याच हाती झेल द्यायला लावला, सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला, आणि आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. आकडे म्हणून बघितले तर याहून मोठी कारकीर्द असलेले पुष्कळ आहेत. पण १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत कानपूरला त्याला वगळलं, तर लोक 'नो दुराणी, नो टेस्ट' असे फलक घेऊन आले. पुढच्या ब्रेबोर्नच्या कसोटीत तो परत आला आणि त्यानं ७३ आणि ३७ केल्या. शतकं तिथे इंजिनियरनं केली, विश्वनाथनं केली. ती त्याची शेवटची कसोटी, आणि त्यानंतर ब्रेबोर्नवर थेट २००९ पर्यंत कसोटीच झाली नाही.

बापूकाका त्या सामन्याला होता. तेव्हा तो मुंबईत बँकेत नवाच लागलेला, गिरगावात कॉट बेसिसवर राहायचा, आणि साहेबाला काय थाप मारून तो ब्रेबोर्नवर गेला त्याच्या दरवेळी वेगळ्या कथा आहेत. एक मात्र कायम. तो कधीही दुराणी म्हणत नाही. गावसकर गावसकर असतो, वाडेकर वाडेकर, इंजिनियर इंजिनियर. हा नुसता सलीम. "लोकांनी सिक्सर मागितली की सलीम द्यायचा गं. मागितली त्या बाजूला." ज्या माणसाच्या आईनं त्याला कधी नावानं हाक मारली नाही, त्यानं कधीही न भेटलेल्या माणसाला पन्नास वर्षं पहिल्या नावानं बोलावलं.

२ एप्रिल २०२३ ला काकाचा फोन आला. आवाज बसलेला. "सलीम गेला."

मी विचारलं, "कुठला सलीम?"

"कुठला म्हणजे? सलीम!" ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस फोनवर असा ओरडला की काकू आतून काय झालं म्हणून धावत आली. मग अर्धा तास ब्रेबोर्न. ऊन कसं होतं, संत्री किती रुपयांची, पूर्वेच्या स्टँडात आरोळी कशी उठली आणि चेंडू कसा डोक्यावरून येऊन मागच्या बाकावर पडला. संध्याकाळी त्यानं आपल्या डोंबिवलीच्या मित्राला मुद्दाम फोन लावून दिला मला, साक्ष काढायला. मित्र म्हणाला, सिक्सर होती, पण उत्तरेच्या स्टँडात, आणि ती झेलायला उठलेला मी होतो, हा बापू तेव्हा चहाच्या रांगेत उभा होता. त्यावर दोघांचं जे जुंपलं ते माझा फोन गरम होईपर्यंत चाललं. दोघांकडेही म्हणे त्या दिवसाचं तिकीट अजून आहे, पण माळ्यावर चढायला कुणीच तयार नाही.